विश्लेषण : वाकलेली तबकडी सरळ करावी की तशीच वाजवावी?

मे महिन्यात नांदेडचा पारा ४२-४३ अंशांवर जातो. बालाघाटच्या पठारावरचे लातूर एखाद-दोन अंशांनी कमी, इतकेच. या उन्हाचा फटका पिकांना, पाण्याला आणि माणसांना बसतो हे दर वर्षी लिहिले जाते. माळ्यावरच्या ग्रामोफोन तबकड्यांनाही तो बसतो, हे मात्र बऱ्याच वर्षांनी खोके खाली उतरवल्यावरच कळते. तबकडी भाजलेल्या पापडासारखी वर-खाली झालेली असते. मग कोणी ती भंगारात काढतो, तर कोणी काचेखाली दाबून अंगणात उन्हात ठेवतो. पहिल्या प्रकारात तबकडी जाते, दुसऱ्या प्रकारात तिच्यावरचा आवाज जाण्याची शक्यता मोठी. वाकलेल्या बऱ्याच तबकड्या तशाच नीट वाजू शकतात, हे दोघांच्याही लक्षात येत नाही.

मराठवाड्यात आहेतच किती तबकड्या?

नेमका आकडा कोणाकडे असण्याचे कारण नाही, पण समजुतीपेक्षा जास्त आहेत. ‘गीत रामायणा’चे संच, भावगीते, नाट्यपदे, अभंग यांच्या जोडीला हैदराबाद संस्थानाच्या काळापासून इथे रुजलेली कव्वाली आणि गझल, शिवाय शबद-कीर्तन, अशी या भागातल्या आवडीची सरमिसळ आहे. कॅसेट येण्यापूर्वी लग्नाच्या मांडवात लाऊडस्पीकरवाला तबकड्यांची पेटी घेऊनच येई. ऐंशीच्या दशकात कॅसेटने बाजार उलटला आणि या पेट्या अडगळीत गेल्या.

जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था १९९० मध्ये मुंबईत स्थापन झाली. ‘द रेकॉर्ड न्यूज’ या तिच्या नियतकालिकात संस्थेच्या शाखा म्हणून मुंबई, पुणे, सोलापूर, अमरावती यांच्याबरोबर नांदेडचेही नाव छापले जाई. म्हणजे तबकड्या जपणारी माणसे या गावात आहेत आणि पूर्वीपासून आहेत. आता नव्या तबकड्यांची हौसही परतली आहे. ऑनलाइन मागवलेली तबकडी ऐन उन्हाळ्यात ट्रकमधून येते आणि दारात पडते तेव्हा कधी कधी आधीच वाकलेली असते.

तबकडी वाकते कशामुळे?

एलपी म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची मोठी तबकडी. अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने ती १९४८ मध्ये आणली. ती विनाइल क्लोराइड आणि विनाइल अ‍ॅसिटेट यांच्या मिश्रणाची, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकची असते. हे प्लास्टिक साधारण ६० अंशांच्या पुढे मऊ पडू लागते. नांदेडमध्ये हवा ६० अंशांवर जात नाही, पण तबकडी हवेत ठेवलेली नसते. उन्हात उभ्या बंद गाडीच्या आत तासाभरात तेवढे तापमान सहज होते. पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावरही फार वेगळी स्थिती नसते, कारण पत्रा स्वतःच हात टेकवता येणार नाही इतका तापतो.

इथे घरबांधणीचाही संबंध येतो. जुन्या माळवदाच्या घरात जाड मातीच्या थरामुळे दुपारी आत गारवा राहत असे. सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीची घरे माणसांवर कोसळली. त्यानंतर त्या बांधणीची धास्ती बसली, ती रास्तच होती. घरे स्लॅबची आणि पत्र्याची झाली, सुरक्षित झाली आणि तापूही लागली. वरच्या मजल्यावरची पश्चिमेच्या भिंतीची खोली ही आज तबकड्यांसाठी घरातली सर्वात वाईट जागा. सामान ठेवायला तीच मोकळी असते, ही अडचण.

मात्र ६० अंश गाठले नाहीत म्हणून तबकडी सुरक्षित, असेही नाही. प्लास्टिकवर सतत भार असला तर ते कमी तापमानातही वर्षानुवर्षे सावकाश सरकत राहते. उतरंडीसारख्या एकावर एक रचलेल्या शंभर तबकड्यांचे आवरणांसह वजन २० किलोंच्या वर जाते. हा सगळा भार तळाच्या तबकडीवर असतो आणि मध्ये एखादे आवरण दुमडलेले असले तर तिथे कायमचा बाक येतो. कपाटात तिरप्या टेकवून ठेवलेल्या तबकड्याही दोन-चार उन्हाळ्यांत धनुष्यासारख्या वळतात. काही तबकड्या तर कारखान्यातूनच वाकून येतात. साच्यातून गरम काढल्या, पुरेशा थंड होऊ दिल्या नाहीत किंवा वरचे पारदर्शक वेष्टन फार आवळून बसवले, की हा दोष राहतो.

सगळ्या वाकड्या तबकड्या सारख्याच वाईट का?

नाही, आणि हाच भाग समजून घेण्यासारखा आहे. तबकडी किती वाकली यापेक्षा कशी वाकली हे महत्त्वाचे.

पहिला प्रकार द्रोणाचा. पूर्ण तबकडी पत्रावळीच्या द्रोणासारखी खोलगट होते. डोळ्यांना हे भयंकर दिसते, पण द्रोणाचा काठ सगळीकडून सारखाच वर असतो. त्यामुळे फिरताना सुई प्रत्येक फेरीत वर-खाली होत नाही. ती किंचित तिरपी बसते, एवढेच. फार खोलगट तबकडी खालच्या चकतीवर नीट टेकत नाही आणि वाजताना घसरू शकते. तेवढे सोडले तर अशा तबकडीचा आवाज बहुतेक वेळा ठीक निघतो.

दुसरा प्रकार लांबट लाटेचा. तबकडीची एक बाजू हळूहळू वर जाते आणि हळूहळू खाली येते. तिसरा प्रकार म्हणजे काठावरचा अरुंद उंचवटा, जणू कोणी चिमटीत धरून वर ओढला आहे. गरम वस्तूला काठ टेकला किंवा ऊन एकाच कोपऱ्यावर आले की असे होते.

आता साधे गणित. एलपीला एक फेरी पूर्ण करायला १.८ सेकंद लागतात. तिचा बाहेरचा परीघ सुमारे ९४ सेंटिमीटर, म्हणजे काठाजवळ सुईखालून सेकंदाला ५० सेंटिमीटरहून थोडी जास्त खाच सरकते. दोन मिलिमीटर उंचीची लाट पूर्ण फेरीभर पसरलेली असेल तर सुईला वर जाऊन खाली यायला १.८ सेकंद मिळतात. तेवढाच उंचवटा पाच सेंटिमीटरच्या पट्ट्यात असेल तर सेकंदाचा जेमतेम दहावा भाग मिळतो. उंची तीच, पण सुईला अठरापट घाई करावी लागते. म्हणून फुटपट्टी उभी धरून ‘दोन मिलिमीटर वाकली’ असे सांगण्याला फारसा अर्थ नाही. उतार किती उभा आहे ते पाहावे लागते.

आवाजावर नेमका काय परिणाम होतो?

सुई ज्या दांड्याच्या टोकाला असते तो दांडा आणि सुईची लवचीक तार मिळून एक झोका तयार होतो. प्रत्येक झोक्याला स्वतःची लय असते. चांगल्या जुळणीत ती सेकंदाला ८ ते १२ हेलकाव्यांच्या दरम्यान ठेवतात. वर सांगितलेला पाच सेंटिमीटरचा उंचवटा सेकंदाला दहाच्या लयीचाच धक्का देतो, म्हणजे झोक्याला नेमका त्याच्या लयीत ढकलतो. दांडा उसळतो, सुई खाच सोडते, गाणे पुढे उडी मारते किंवा तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजते. लांबट लाटेची लय सेकंदाला साधारण अर्धा हेलकावा असते. ती झोक्याच्या लयीपासून बरीच दूर असल्याने दांडा तिच्यावरून निवांत चढतो-उतरतो.

दुसरा परिणाम सुराचा. सुई वर-खाली होताना दांडा आपल्या खिळीभोवती फिरतो आणि सुई खाचेच्या दिशेने किंचित पुढे-मागे सरकते. त्यामुळे खाचेचा वेग क्षणभर वाढल्यासारखा आणि कमी झाल्यासारखा होतो आणि सूर चढतो-उतरतो. इंग्रजीत याला ‘वॉव’ म्हणतात. हा शब्द उच्चारताना तोंडातून जो आवाज निघतो तसाच हा दोष ऐकू येतो. लांबट लाटेत हा फरक टक्क्याच्या दहाव्या भागापेक्षाही कमी राहू शकतो, अरुंद उंचवट्यावर तो टक्क्याच्या घरात जातो. अर्धस्वराचे अंतर साधारण सहा टक्के असते, हे लक्षात घेतले की एक टक्का कानाला का खटकतो ते समजते.

तिसरा परिणाम कानाला नव्हे, डोळ्यांना दिसतो. स्पीकरची जाळी काढली तर मोठा पडदा आत-बाहेर श्वास घेतल्यासारखा हलताना दिसतो. सेकंदाला अर्ध्या ते आठ-दहा हेलकाव्यांचे हे स्पंदन माणसाला ऐकू येत नाही, पण अ‍ॅम्प्लिफायर त्यावर आपली ताकद खर्च करतो आणि ढोलक-तबल्याच्या खर्जाला गढूळपणा येतो. अशा वेळी अ‍ॅम्प्लिफायरवरचे ‘सबसॉनिक’ किंवा ‘रंबल’ फिल्टरचे बटण दाबले तरी बरेच काम होते. तबकडीला हात लावायची गरज पडत नाही.

मग आजोबांच्या ग्रामोफोनवर ती कशी वाजत होती?

वजनामुळे. चावीच्या ग्रामोफोनचे ध्वनिपेटीसह डोके तबकडीवर शंभर ग्रॅमहून जास्त भार टाकत असे. सत्तरच्या दशकातल्या ‘एचएमव्ही फिएस्टा’सारख्या छोट्या यंत्रांच्या सुईचा भारही आजच्यापेक्षा बराच जास्त होता. आजच्या चांगल्या सुईचा भार दीड ते अडीच ग्रॅम असतो. भार जास्त असला की सुई उसळत नाही, पण खाच झिजते. लाऊडस्पीकरवाल्यांच्या पेटीतल्या तबकड्या खरखरतात त्या बहुधा या झिजेमुळे, वाकल्यामुळे नव्हे. घरातल्या मोठ्यांनी ‘तेव्हा तर छान वाजायची’ म्हटले तर ते खोटे नसते. तेव्हाचे यंत्र तिला दाबून वाजवत होते आणि त्याची किंमत तबकडी मोजत होती.

शास्त्रीय गायनात हा दोष जास्त का जाणवतो?

‘शोले’च्या संवादांची तबकडी एके काळी गावोगावी वाजली. ती थोडी वाकली तरी गब्बरच्या दरडावण्यात फरक जाणवत नाही, कारण बोलण्याला ठरलेला सूर नसतो. ढोलकीच्या फडावरच्या द्रुत लावणीतही सूर इतके भराभर बदलतात की हेलकावा लपून जातो. ख्यालाच्या विलंबित आलापीत मात्र गायक एकच सूर लांबवून धरतो आणि मागे तानपुऱ्याचा षड्ज अखंड चालू असतो. ऐकणाऱ्याच्या कानाला पक्का आधार मिळालेला असतो. अशा वेळी दर १.८ सेकंदांनी षड्ज डुलला की नवख्यालाही काही तरी चुकते आहे हे कळते. किराणा घराण्यासारखी सुराला प्राधान्य देणारी गायकी, हार्मोनियमचे लांब सूर असलेले शबद-कीर्तन किंवा कव्वालीची सुरुवातीची आळवणी यांना याचा जास्त त्रास होतो. जाणकार घरात तीच तबकडी ‘बेसूर’ ठरते आणि शेजारी ती आनंदाने ऐकली जाते, यात दोघेही बरोबर असू शकतात.

दोष वाकण्याचाच आहे, हे कसे ओळखावे?

पुष्कळदा तो नसतो. तबकडीचे मधले भोक नेमके केंद्रात नसेल तरी सूर असाच डुलतो. भोक फक्त अर्धा मिलिमीटर सरकलेले असेल तर मध्यापासून दहा सेंटिमीटरवर सूर अर्ध्या टक्क्याने वर आणि अर्ध्या टक्क्याने खाली जातो, सहा सेंटिमीटरवर तो फरक सुमारे ०.८ टक्के होतो. सौम्य वाकण्यापेक्षा हा दोष कितीतरी मोठा.

ओळखण्याची रीत सोपी आहे. तबकडी फिरू द्यावी आणि डोळे तिच्या पातळीवर आणून दांड्याकडे पाहावे. दांडा वर-खाली होत असेल तर तबकडी वाकलेली आहे, डावी-उजवीकडे झुलत असेल तर भोक सरकलेले आहे. ऐकूनही अंदाज येतो. बाक बहुधा काठाकडे जास्त असतो, म्हणून पहिले गाणे जास्त डुलते. भोकाचा दोष आतल्या बाजूला वाढतो, म्हणून शेवटचे गाणे जास्त डुलते. सरकलेल्या भोकाची तबकडी दाबून सरळ करायला निघणारा माणूस तिला नसलेल्या रोगाचे औषध देतो, आणि हे औषध जहाल आहे.

काचेखाली ठेवून उन्हात तापवली तर?

घरगुती उपायांत हाच सर्वात प्रसिद्ध. दोन जाड काचांमध्ये तबकडी ठेवायची, उन्हात तापवायची, मग सावलीत थंड करायची. तत्त्व चुकीचे नाही. तबकड्या सरळ करण्याची जपानी बनावटीची यंत्रे हेच करतात, पण ती तापमान साधारण ५० ते ६० अंशांच्या दरम्यान नियंत्रित ठेवतात, काही तास घेतात आणि थंडही हळूहळू करतात. मराठवाड्यातल्या मेच्या उन्हाला नियंत्रण नाही. काळी तबकडी काचेखाली ऊन शोषून घेते आणि हवा ४२ अंश असताना तिचे स्वतःचे तापमान ७० च्या पुढे जाऊ शकते.

तिथे प्रश्न बाकाचा राहत नाही, खाचेचा होतो. एलपीची खाच साधारण केसाच्या जाडीची असते आणि तिच्या भिंतींवरच्या बारीक नक्षीत आवाज कोरलेला असतो. या नक्षीतले बारकावे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतके, काही त्याहून लहान. मऊ पडलेल्या प्लास्टिकवर काचेचा सपाट दाब आला की तबकडी सरळ होण्याआधी ही नक्षी बसू शकते. तबकडी आरशासारखी सपाट दिसते, पण वाजवल्यावर आवाजाची धार गेलेली असते आणि खाली सतत सळसळ येते. बाक नंतरही काढता येतो, पुसलेली नक्षी परत कोरता येत नाही. इस्त्री, ओव्हन, केस वाळवायचे यंत्र यांच्याबद्दल वेगळे सांगायला नको. जुन्या तबकड्या ओव्हनमध्ये मऊ करून त्यांचे शोभेचे वाडगे बनवतात, यावरून काय ते समजावे.

त्यातल्या त्यात निरुपद्रवी उपाय म्हणजे उष्णतेचा नाद सोडून फक्त सपाटपणा आणि वेळ यांवर भरवसा ठेवणे. तबकडी स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, गुळगुळीत कागदी पिशवीत घालून दोन सपाट फळ्यांमध्ये खालच्या थंड खोलीत काही आठवडे ठेवावी. धुळीचा कण राहिला तर तो खाचेत रुतेल, म्हणून धुणे आधी. सौम्य बाक यातून थोडा कमी होतो, चिमटीसारखा उंचवटा जात नाही.

मग वाकलेली तबकडी वाजवावी कशी?

द्रोण पालथा असेल, म्हणजे मध्य वर आणि काठ चकतीला टेकलेला, तर मधल्या दांडीवर बसवायचे वजन किंवा पकड मिळते, ती लावावी. तबकडी बरीच सपाट होते. द्रोण उताणा असेल तर हे वजन फारसे उपयोगी पडत नाही. त्याला काठावर बसणारे जड कडे लागते, ते महाग असते आणि प्रत्येक यंत्राला पेलवत नाही. सुईचा भार कंपनीने दिलेल्या मर्यादेत वरच्या टोकाला ठेवावा. दीड ते दोन ग्रॅम सांगितले असेल तर दोन ठेवावा, तीन नव्हे. एकामागून एक तबकड्या खाली पाडणारे जुने ‘चेंजर’ यंत्र मात्र वाकलेल्या तबकड्यांसाठी वापरू नये.

काही केल्या सुई उडी मारत असेल तर ध्वनिसंग्रहालयांतली एक युक्ती घरीही करता येते. तबकडी कमी वेगाने वाजवून संगणकावर उतरवायची, ४५ ची ३३ वर, ७८ ची ४५ वर. उंचवट्यावरून जायला सुईला जास्त वेळ मिळतो आणि ती खाच सोडत नाही. नंतर संगणकात वेग पूर्ववत करायचा. वेग बदलल्याने खर्ज आणि तार यांचा समतोलही बिघडतो, तो सॉफ्टवेअरमध्ये वेगळा दुरुस्त करावा लागतो. मूळ प्रत २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर, कोणताही फिल्टर न लावता ठेवावी आणि साफसफाई तिच्या नकलेवर करावी. सुराचे डुलणे काढणारी सॉफ्टवेअरही आहेत. पण ती कोणता सूर अपेक्षित आहे याचा अंदाज बांधून काम करतात. मींड आणि आंदोलन यांनाच ‘दोष’ समजून सरळ केले जाण्याचा धोका आपल्या संगीतात उरतोच, तिथे माणसाचा कान लागतो.

सरळ करण्याचा कोणताही प्रयोग करायचाच असेल तर तो या प्रतीनंतर करावा. ज्या ध्वनिमुद्रणाची नवी आवृत्ती निघालेलीच नाही, त्याच्या बाबतीत तर हा क्रम उलटा होता कामा नये.

७८ च्या जुन्या तबकड्यांचे काय?

त्यांना वेगळे नियम. भारतात १९६० च्या दशकाच्या अखेरपर्यंत निघत राहिलेल्या या तबकड्या प्रामुख्याने लाखेच्या, म्हणजे झाडांवर कीटकांनी तयार केलेल्या रेझिनच्या, त्यात खनिज भुकटी आणि काजळी मिसळून बनवलेल्या असतात. लाखही उष्णतेने मऊ होऊन वाकते, पण थंड असताना ती काचेसारखी ठिसूळ असते. वजनाखाली दाबली तर सरळ होण्याऐवजी तडकते. म्हणून फळ्यांचा उपाय इथे नको. ती स्पिरिटने पुसूही नये, कारण स्पिरिटमध्ये लाख विरघळते. तिची खाच एलपीपेक्षा सुमारे तिप्पट रुंद असल्याने एलपीची सुईही चालत नाही, ती तळाशी घासत जाते आणि फक्त खरखर ऐकू येते. अनेक जण एवढ्यावरून तबकडी खराब ठरवतात.

ठेवावी कुठे?

संग्रहालये तबकड्या साधारण १८ ते २१ अंशांत ठेवतात. नांदेड-लातूरच्या घरात ते शक्य नाही आणि त्यासाठी वातानुकूलन यंत्र घ्यायचीही गरज नाही. तळमजल्यावरची, आतली, पूर्व किंवा उत्तरेकडची खोली पुरे. तबकड्या उभ्या आणि काटकोनात ठेवाव्यात. प्रत्येक पंधरा-वीस तबकड्यांमागे एक आडोसा असावा, म्हणजे त्या तिरप्या होत नाहीत. फार आवळूनही बसवू नयेत. पत्र्याची ट्रंक टाळावी. नव्या तबकडीवरचे पारदर्शक वेष्टन काढून टाकावे. उन्हाळ्यात कुरिअरने आलेले पाकीट लगेच न उघडता काही तास सावलीत सपाट ठेवावे, गरम तबकडी हातात धरली तरी वाकते.

खोके खाली उतरवताना आणखी एक गोष्ट जमते. प्रत्येक तबकडीच्या मधल्या लेबलचा आणि शेवटच्या गाण्यानंतरच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेल्या क्रमांकाचा फोटो मोबाइलवर काढून ठेवावा. त्या क्रमांकावरून हे ध्वनिमुद्रण दुसरीकडे उपलब्ध आहे की नाही, हे संग्राहकांना शोधता येते. तबकडी वाकलेली असली तरी क्रमांक वाचता येतो.